देवाक काळजी, पण चप्पल तुझी

आपल्याकडे गोव्यात कोणाला काहीही सांगा, पहिलं उत्तर येतं 'देवाक काळजी'. बस चुकली, देवाक काळजी. पोराचा रिझल्ट लांबला, देवाक काळजी. म्हणायला एकदम सोपं, चहा पिता पिता म्हणता येतं. पण या महिन्यात चार पत्रं अशी आलीत की त्यांत देवाने काळजी घ्यायचं सोडून उलट काळजी लावूनच ठेवलीय. म्हटलं यावेळी सून-सासूची पत्रं बाजूला ठेवू आणि ही घेऊ.

प्रश्न : ताई, मी डिचोली तालुक्यातली, वय ४९. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. आमच्या भजनी मंडळातल्या बायका आषाढीला पायी पंढरपूरला जातात, दोन वर्षं मला बोलावतायत. परवा एकादशीच्या भजनाला बसले होते तेव्हा आतून असं वाटलं की यंदा जायचंच, कोणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखं. सगळ्यांसमोर येते म्हणून सांगून बसले आणि दुसऱ्या दिवसापासून झोप नाही. बाळंतपण सोडलं तर घराबाहेर एकटी एक रात्र काढलेली नाही मी. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. शाळेच्या वर्गात झोपायचं, उघड्यावर आंघोळ, संडासचं तर विचारूच नका. सून म्हणते आई, टीव्हीवर बघा की वारी. एवढी भीती वाटते म्हणजे माझा विठ्ठलावर विश्वासच नाही का?

उत्तर : अगो बाय, आधी माझी फजिती ऐक, मग तुझं बघू.

मी रिटायर झाले त्या वर्षी, म्हणजे ५८ व्या वर्षी, अशीच उठले आणि दिंडीत निघाले. मुलाने कौतुकाने पणजीहून नवे कोरे स्पोर्ट्स शूज आणले, आदल्या दिवशी हां, आणि मी ते घालून चोर्ला घाट चढले. चौथ्या दिवशी बेळगावात पोचले तेव्हा टाच फुटून आत पू झालेला, पाय जमिनीला टेकवत नव्हता. स्टँडवर बसून ढसाढसा रडले आणि कदंबाची बस पकडून घरी आले. वाड्यावरची एक म्हातारी, जिभेला हाड नाही तिच्या, मला विचारते काय गो, विठ्ठल बेळगावलाच भेटला काय? वर्षभर मी सगळ्यांना सांगत फिरले की देवाने माझी परीक्षा घेतली. देवाने कसली, बुटाने घेतली. दुसऱ्या वर्षी जुनी मऊ झालेली सँडल घालून गेले, पोचले, आणि त्या दिवशी कळसाचं दर्शन घेऊनच परत फिरले कारण रांग बघून पाय म्हणाले आता पुरे.

हे एवढ्यासाठी सांगितलं की पहिल्या वर्षी मला भीती अजिबात वाटली नव्हती. एकदम बिनधास्त गेले होते, माझी श्रद्धाच एवढी मोठी, मला काय होणार. दुसऱ्या वर्षी मात्र पोटात गोळा होता, म्हणून तयारी केली, म्हणून पोचले. तेव्हा भीती वाटते म्हणजे विश्वास नाही हे गणित मला मान्य नाही. तुला भीती वाटतेय कारण तुला माहितेय की सांखळी-डिचोलीकडून पंढरपूर सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर आहे आणि ते पायांनी तोडायचंय, विमानाने नाही. अक्कल शाबूत आहे तुझी.

आता एक विचारते, राग मानू नकोस. तू लिहिलंस एकटी रात्र काढलेली नाही. पण तीन वर्षं झाली ना त्यांना जाऊन? मुलगा-सून त्यांच्या खोलीत, तू तुझ्या खोलीत, मध्यरात्री जाग आली की पंखा बघत पडायचं, पाणी प्यायला उठलं तरी भांडं वाजू नये म्हणून हळू ठेवायचं. एकटीच तर झोपतेयस तू. वारीत शाळेच्या एका वर्गात तीस-चाळीस बायका, एक घोरते, एक पाय चोळून घेते, एकीला रात्री दोनला हरिपाठ आठवतो, तिथे एकटं राहीन म्हटलं तरी कोणी राहू देत नाही. मला तर तिसऱ्या रात्री अशी झोप लागली की आमचे हे गेल्यापासून तशी लागली नव्हती. म्हणून मला वाटतं तुझी भीती घराबाहेर झोपायची नसावी, सवय मोडायची असावी. दुःखाची पण सवय होते गो, त्याचा पण एक कोपरा गरम होऊन बसतो आणि तो सोडवत नाही.

ती हाक देवाची होती की मनाची, मला नाही सांगता येणार, आणि जी कोणी सांगते म्हणेल तिच्यापासून चार हात लांब राहा. मी आपली एवढंच बघते की ही हाक मला कोणापासून काही लपवायला लावतेय का, घाई करायला लावतेय का, कोणाचं नुकसान करतेय का. तुझ्या बाबतीत तसं काही दिसत नाही. मग जा.

पण जायचं तर शुगरचं आधी. डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही' असं मोघम सांगू नकोस, नीट सांग की रोज वीस-बावीस किलोमीटर चालणार, पंधरा दिवस, आणि मध्ये एकादशीचा उपास. कारण तासन्‌तास चाललं की शुगर आपोआप खाली येते, त्यात गोळी नेहमीचीच घेतली आणि पोटात साबुदाण्याचे चार दाणे असले तर घाम फुटून, हात थरथरून माणूस रस्त्यात बसतं, आणि बाजूच्या म्हणतात अंगात आलं! गोळी किती आणि कधी ते डॉक्टरने ठरवायचं, तू नाही, मी नाही, आणि दिंडीतल्या शहाण्या बाईने तर नाहीच नाही. साखर नाहीतर ग्लुकोजची पुडी कंबरेच्या पिशवीत, बॅगेत नाही, बॅग ट्रकवर असते. आणि अनवाणी चालायचा नवस केला असशील तर मोडून टाक, विठ्ठल रागवणार नाही. शुगरवाल्यांच्या तळपायाची जाणीव कमी होऊ शकते, मग काटा रुतला तरी कळत नाही, म्हणून रोज रात्री छोटा आरसा घेऊन दोन्ही तळवे बघायचे. आषाढातला चिखल म्हणजे साधा चिखल नव्हे, पायाला जखम असली की लेप्टोच्या तापाची भीती.

आणि ते संडासचं. तू विचारूच नका म्हणालीस पण सगळ्या बायकांच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो आणि पुरुष लोक व्यासपीठावरून वारीचा महिमा सांगतात त्यात तो कधी येत नाही. बायका काय करतात, पाणीच पीत नाहीत. ती चूक करू नकोस, युरीन इन्फेक्शन होऊन ताप येतो आणि शुगर असली की अजून लवकर. पहाटे उजाडायच्या आत तीन-चार जणींनी टॉर्च घेऊन मिळून जायचं, एक जुना ढगळ गाऊन फक्त आंघोळीसाठी ठेवायचा, पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं होतं आणि चौथ्या दिवशी त्यावरच हसतो आपण.

दोन महिने आधी चालायला सुरुवात कर. सांखळीच्या विठ्ठलाकडे, वाळवंटी नदीच्या काठी, आठवड्यातून दोनदा पायी जा, त्याच चपला घालून ज्या पंढरपूरला न्यायच्यात. डॉक्टर नाहीच म्हणाले तर यंदा तिथेच एकादशी कर, तोही विठ्ठलच आहे. आणि मध्येच परत यावं लागलं तर ये, बेळगावहून बस असते. त्या म्हातारीचं मी बघून घेते.

प्रश्न : ताई, मी बार्देसची. नवरा वर्षभर एका महाराजांकडे जातो. ते म्हणतात तुम्ही कम्फर्ट झोनमध्ये अडकलात, खरी श्रद्धा असेल तर देवावर सोडून उडी मारा. म्हणजे एफडी मोडून आश्रमाला द्यायची आणि माझं सोनं गहाण टाकायचं. मी नाही म्हटलं तर मला नास्तिक ठरवतायत. माझीच श्रद्धा कमी पडतेय का?

उत्तर : नाही. सही करू नकोस.

उडी मारायला सांगणारा स्वतः काठावर उभा आहे आणि खाली जाळं धरून पण तोच उभा आहे, एवढं दिसलं तरी पुरे. देवाला पैसे लागले असते तर त्याने एफडी मोडायची वाट बघितली नसती. लग्नात तुला मिळालेल्या सोन्यावर तुझा हक्क आहे, तो नेमका कसा ते वकिलाला विचार. आणि आपल्या गोव्यात अजून १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडचा कायदा चालतो, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा, घर-जमीन तर तुझ्या सहीशिवाय तो विकूच शकत नाही. उद्याच बँकेत जाऊन एफडी कोणाच्या नावावर आहे, मोडायला कोणाच्या सह्या लागतात ते बघ, आणि एखाद्या वकिलाला गाठ. नवऱ्याशी भांडण करू नकोस, त्याला विचार की महाराजांनी त्यांचा कम्फर्ट झोन शेवटचा कधी सोडला. एसी गाडीतून उतरले असतील तेव्हा कदाचित.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, फोंडा तालुक्यात राहतो, वेर्ण्याला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. एका संस्थेतर्फे एक वर्ष ईशान्य भारतात डोंगरातल्या शाळेत विज्ञान शिकवायला जायची संधी आहे, मानधन नावापुरतं. कॉलेजपासून मनात होतं की देवाने एवढं दिलंय तर एक वर्ष त्याचं. आईने हट्ट धरला म्हणून म्हार्दोळला कुळदेवीकडे प्रसाद लावला. पाकळी उजवी पडली. आता माझीच तंतरलीय. तिथली भाषा येत नाही, मासे मिळणार नाहीत (हसू नका), परत आल्यावर नोकरी मिळेल का माहीत नाही. आई म्हणते दुसऱ्या देवळात परत लावून बघू. लावू का?

उत्तर : हसले. माशांवरच हसले, माफ कर. पण नदीचे मासे मिळतील रे, फक्त बांगडा विसर.

दुसऱ्या देवळात लावू नकोस. का ते सांगते. ज्यांना आपली ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी, देवाच्या अंगावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, भट गाऱ्हाणं घालतो, मग बसून राहायचं, पाकळी कुठली पडते बघत. साधारणपणे उजवी पडली तर होय, डावी तर नाही. माझ्या लहानपणी लग्नं, जमिनी, ऑपरेशनं सगळी याच्यावर ठरताना बघितलीयत. कोणी याला अंधश्रद्धा म्हणेल, म्हणू दे, मला त्यातली ती वाट बघण्याची अर्धी घटका आवडते, कारण पाकळी पडायच्या आत माणसाला कळतं की आपल्याला कुठली पडायला हवीय. तुला कुठली हवी होती? खरं सांग. उजवी पडल्यावर आनंद झाला आणि मग घाबरलास, की पडल्या पडल्या पोटात खड्डा पडला? पहिलं असेल तर जा. दुसरं असेल तर पाकळी कितीही उजवी पडो, नको जाऊस. पण हवं ते उत्तर मिळेपर्यंत देवळं बदलत राहणं म्हणजे देवाला विचारणं नव्हे, त्यापेक्षा सरळ नाही जात म्हण.

आणि जिला विचारलंस ती कोण आहे ते तरी आठव. तू रोज कामाला जातोस त्या वेर्ण्यालाच म्हाळसेचं मूळ देऊळ, अजून तिथल्या जागेला जुनं म्हार्दोळ म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा तिला तिथून हलवावं लागलं. मंगेश १५६० मध्ये कुशस्थळीहून, म्हणजे आताच्या कुठ्ठाळीहून, जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. तेव्हा फोंडा, म्हणजे प्रियोळ-कवळ्याचा तालुका, पोर्तुगीजांच्या राज्यात नव्हता, अठराव्या शतकात त्यांच्याकडे गेला. आज आपण मंगेशी-म्हार्दोळची दीपमाळ आणि तळी बघतो आणि वाटतं हे असंच होतं पहिल्यापासून. कुठलं? ज्यांनी देव उचलून आणले त्यांना माहीत होतं का पुढे काय होणार? परकं गाव, डोक्यावर छप्पर नाही, मागे शेती-घरं सुटलेली, आणि बरोबर देव, ज्याचं स्वतःचं घर गेलंय. कवळ्याचं आताचं देऊळ उभं राहिलं ते साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांनी. देव आणणाऱ्यांतल्या एकानेही ते बघितलं नाही. मला हे नेहमी खटकतं की आपण ही गोष्ट फक्त अभिमानाने सांगतो, त्यातली भीती कोणी सांगत नाही, अंधारात होडी डुचमळली असेल तेव्हा हात थरथरले नसतील का त्यांचे?

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या घरातलं. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेले जुझे व्हाज, आता सेंट जोसेफ व्हाज. सिलोनच्या, म्हणजे आताच्या श्रीलंकेच्या, किनाऱ्यावर डच राज्य होतं, कॅथलिक पाद्रींना बंदी, तरी हे १६८७ मध्ये मजुराच्या वेशात जाफन्याला उतरले, आणि उतरल्या उतरल्या काय, तर हगवणीने आडवे. पुढे कँडीला गेले तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून तुरुंगात. तमिळ शिकले, सिंहली शिकले, देवीची साथ आली तेव्हा रस्त्यात टाकलेल्या रोग्यांची सेवा केली, आणि १७११ मध्ये तिथेच वारले. परत गोव्याला आलेच नाहीत. पोपने त्यांना संत म्हणून जाहीर केलं ते २०१५ मध्ये, कोलंबोत. पण लोक एक गोष्ट विसरतात, हा माणूस एका रात्रीत उठून गेला नव्हता. आधी काही वर्षं कानडात, म्हणजे कर्नाटकच्या किनाऱ्यावर, काम करून आला, वरिष्ठांची परवानगी काढली, मगच निघाला.

तुला सिलोनला जायचं नाहीये, वर्षाने परत यायचंय. तेव्हा कंपनीत राजीनामा द्यायच्या आधी बिनपगारी रजा मिळते का विचार, एचआरला मेल टाकायला देव येणार नाही. संस्थेकडून आधी जाऊन आलेल्या दोघा-तिघांचे नंबर घे, त्यांना राहायचं-खायचं आणि दवाखाना किती लांब आहे ते विचार, प्रेरणा वगैरे विचारू नकोस. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव. आणि आईला दुसऱ्या देवळात नेण्यापेक्षा एकदा विचार की तिला नक्की कसली भीती वाटतेय. मला वाटतं तिने देवीला विचारलं ते डावी पडेल या आशेने.

बरोबर सुके सुंगट, म्हणजे सुकी कोळंबी, ने. डबा घट्ट बंद कर मात्र, नाहीतर पूर्ण डबाभर प्रवासी तुला शिव्या घालतील.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, यंदा पहिल्यांदा शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत करून जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारा भक्त, होतोय. घरात कोणीच धोंड नाही, त्याच्याच मनात आलं. व्रत, सोवळं सगळं आपणहून करतोय, मला अभिमान आहे पण होमखंडाच्या, त्या निखाऱ्यांच्या, विचाराने माझ्या अंगावर काटा येतो. देवीवर सोडावं ना?

उत्तर : देवीवर सोड आणि त्याच्याबरोबर कोण जुने धोंड आहेत ते पण विचारून घे. दोन्ही.

खरं सांगू, मला होमखंडापेक्षा गर्दीची भीती जास्त वाटते. २०२५ च्या जत्रेत शिरगावात पहाटे चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, ती निखाऱ्यांवर नाही गेली, अरुंद रस्त्यात गेली. तेव्हा पोराला सांग, जुन्या धोंडांच्या मागे राहा, उतारावर धावू नको, ढकलाढकली झाली तर काठी उभी धर, आडवी नको, पडला कोणी तर आधी त्याला उचल, आणि आज गर्दी फार आहे असं वाटलं तर बाजूला होऊन मोगऱ्याची माळ अर्पण करून घरी ये, त्याने व्रत मोडत नाही, असं त्याला जुन्या धोंडांच्याच तोंडून ऐकव, तुझं ऐकणार नाही. १९ वर्षांचा आहे.

तू जत्रेला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही, तुला राहवणार नाही ते माहितेय मला. तळीकडे बस कुठेतरी. पाय भाजलेच तर साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, नळाखाली नाहीतर तांब्याने ओतत राहायचं. बर्फ नको, टूथपेस्ट तर अजिबात नको, शेजारीण कितीही म्हणाली तरी. फोड फोडायचे नाहीत. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घरूनच घेऊन जा, पहाटे तिथे दुकानं असतात पण गर्दीतून पोचता येत नाही.